दोन वेळची उकळी

हिम्मतरावांना रोज सकाळी सुई टोचायची ती त्यांची सून. मुलगा होता, चांगला धडधाकट होता, पण सुई दिसली की विठ्ठलच्या हातापायांना कापरं भरायचं. अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढणारा हा गडी, बोटभर सुईपुढं मात्र शेळी. म्हणून दवाखान्यात सुई शिकायला सून गेली, आणि दोन वर्षं तिनं एक दिवस चुकवला नाही.

त्यात गंमत अशी, की सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. उदगीरकडच्या घरांत सून सासऱ्यापुढं तोंड वर करत नाही, आणि हिम्मतराव वीस वर्षांपूर्वी दोन म्हशी घेऊन हैदराबादला आले, तेव्हा ही रीतही बरोबर घेऊन आले होते. सत्यवती कपाळाखाली पदर ओढून यायची आणि सहा वर्षांच्या मालतीला म्हणायची, "मालते, आज्जाला म्हनाव, हात म्होरं करा." आज्जा हात पुढं करायचा. मालती झोपलेली असली तर ती दावणीच्या चंद्री म्हशीला सांगायची, आणि हिम्मतरावही चंद्रीलाच म्हणायचे, "सांग तिला, आज दुखलं न्हाई." चंद्री रवंथ करत राहायची. सासूला जाऊन बारा वर्षं झाली होती; त्या घरात हिम्मतरावांच्या अंगाला माणसाचा हात लागायचा तो दिवसातून तेवढाच एकदा.

आजार साखरेचा. आधी तहान सुरू झाली, मग पाठीवर करटं उठली, मग मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. डॉक्टरनं गूळ बंद केला, भात बंद केला आणि सुई लावली. औषध पांढुरकं, पाणी घातलेल्या दुधासारखं. बाटली उभी राहिली की पांढरं खाली बसायचं, हलवली की पुन्हा एकजीव व्हायची. सत्यवती ती आत स्वयंपाकघरात कुठंतरी ठेवायची. कुठं, ते हिम्मतरावांनी कधी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघर बायकांचं, तिथं त्यांचं काय काम? ओसरीवरून त्यांना दिसायचं ते एवढंच, की रोज सकाळी चुलीवर पितळी पातेलं चढतं, त्यात सुई आणि काचेची नळी खळखळ उकळते, आणि मग औषध टोचलं जातं.

अठ्ठेचाळीस सालच्या चैत्रात त्यांच्या अंबरपेठेतली अर्धीअधिक मराठी घरं रिकामी झाली. रझाकारांची धास्ती होती, रोज कुठल्यातरी गावाची नवी बातमी यायची. ज्याला सोलापूर-बार्शीकडं पाहुणा होता त्यानं पाहुणा गाठला. सत्यवतीचा भाऊ सोलापुरात गिरणीत होता.

"आबा, तुमी बी चला," विठ्ठल म्हणाला.

"आन् म्हशी? खिशात घालू?"

"इकून टाका."

"दोन गाभण हायेत. आत्ता कोन घेतंय? अन् मला म्हाताऱ्याला कोन काय करतंय? तू बायकालेकराला घिऊन जा. गुमान जा."

असं ते मोठ्या तोऱ्यात बोलले. खरं तर त्यांना वाटत होतं की विठ्ठल आणखी एकदा म्हणेल. विठ्ठल म्हणाला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सत्यवतीनं मालतीला मध्ये बसवून सुई कशी भरायची ते दाखवलं. बाटली हातात फिरवायची, नळीच्या अर्ध्या रेघेपर्यंत ओढायचं, मांडीत टोचायचं. हिम्मतरावांनी एका फटक्यात जमवलं. आयुष्यभर धारा काढलेली बोटं होती ती.

पहाटे दारात बैलगाडी उभी राहिली. सत्यवती विठ्ठलच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगत होती, आणि विठ्ठल वळकटीची दोरी आवळत 'हूं हूं' करत होता. गाडीवान ओरडत होता. मालती रडत होती. शेवटी विठ्ठल ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या घेऊन धावत आला आणि आबांच्या खाटेजवळच्या देवळीत त्यानं त्या ठेवल्या.

"हे औषध, आबा. दोन महिने पुरतंय. जपून ठिवा, लई नाजूक आसतंय. उन्हाळ्यात खराब होतंय म्हनं. खराब हू देऊ नका."

"मला शिकवतूस?" हिम्मतराव म्हणाले. "उन्हाळ्यात काय कसं टिकवायचं, ते मला?"

गाडी गेली. त्यांनी म्हशींना पाणी दाखवलं, शेण भरलं, दुधाची घागर उचलून गौलीगुड्याचा रस्ता धरला. परत आले तेव्हा दुपार झाली होती आणि घरात आवाज असा नव्हता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला, आणि भाकरीचं पीठ कुठल्या डब्यात आहे ते शोधण्यात त्यांचा तासभर गेला.

संध्याकाळी त्यांचं लक्ष देवळीकडं गेलं. फडकं वाळून खडखडीत झालं होतं. बाटल्यांत पांढरं खाली बसलेलं, वर पाणी. सून बाटली हलवून आणायची, म्हणून असं बसलेलं औषध त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं. दूध असं दिसलं म्हणजे फुटायच्या बेतात आलं. आणि बाहेर तर ऊन असं, की दुपारचं दूध दिवेलागणीपर्यंत तग धरत नव्हतं. त्यावर उपाय एकच, तो तान्ह्या पोरालाही ठाऊक असतो: तापवायचं. उन्हाळ्यात दोन वेळा, सकाळी एक उकळी आणि संध्याकाळी एक.

त्यांनी चूल पेटवली, त्याच पितळी पातेल्यात पाणी घेतलं आणि तिन्ही बाटल्या आत उभ्या केल्या. चांगली उकळी येऊ दिली, मग धोतराच्या सोग्यानं धरून एकेक बाटली बाहेर काढली. मन हलकं झालं. सुनेच्या हाताखालचं काम आपल्यालाही येतं, असं त्यांना वाटलं, आणि हे तिला सांगायला चंद्रीखेरीज कोणी नाही हेही लगेच ध्यानात आलं.

तेव्हापासून रोज दोन उकळ्या. दूध चुकलं तर चुकलं, औषध चुकलं नाही. चार दिवसांत बाटलीत गाठी दिसायला लागल्या. हिम्मतराव स्वतःशी म्हणाले, साय धरली. बाटली जोरात हलवून गाठी मोडायच्या, सुई तुंबली तर फुंकर मारून मोकळी करायची, आणि मांडीत टोचायची.

वैशाख तसाच भाजत गेला. हिंदुस्थानची नाकेबंदी होती, सरकी यायची बंद झाली, पेंड दिसेनाशी झाली, कडब्याच्या गाड्या शहरापर्यंत येईनात. हिम्मतराव पहाटे धारा काढत, मलकपेठेत आणि गौलीगुड्यात रतीब घालत, आणि उन्हं चढल्यावर विळा घेऊन मूसी नदीच्या पात्रात उतरत. तिथं गटाराच्या पाण्यावर वाढलेलं हिरवं गवत होतं. गुडघाभर चिखलात वाकून भारा कापायचा, डोक्यावर घ्यायचा, चढण चढायची. पूर्वी एका दमात चढत. आता तीनदा टेकत. तहान तर अशी लागायची, की नदीतून घरी येईपर्यंत चार ठिकाणी पाणी मागून व्हायचं. धोतर कमरेला आवळून बांधावं लागत होतं. एकट्याचं जेवण धड होत नाही, म्हणून सुकलो, असा त्यांनी हिशेब लावला. भाकरी करपायची, नाहीतर कच्ची राहायची. कित्येक संध्याकाळी ते नुसतं ताक पिऊन खाटेवर बसून राहत.

बोलायला होती ती गंगू. गंगू तेलगू बाई, शेण न्यायला यायची, गोवऱ्या थापून विकायची. तिला मराठी येत नव्हतं, यांना तेलगू जमलं नव्हतं. दोघं मधल्या दखनीवर भागवायची. ज्येष्ठाच्या अखेरीस एका सकाळी ती घमेलं भरता भरता थांबली.

"पटेला! पाँव देखो तुमारा!"

हिम्मतरावांनी खाली पाहिलं. भुरी म्हैस धार देताना त्यांच्या पावलावर पाय देऊन उभी होती आणि तिच्या खुराखालून रक्त आलं होतं. त्यांनी भुरीला ढकललं. अंगठ्याचं नख उलटं झालेलं, कातडं सोललेलं.

"दुखता नै?"

"न्हाई बा," हिम्मतराव नवलानं म्हणाले. "कुछ मालूमच नै पडा."

"अय्यो! भैंस खडी हुई, मालूम नै पडा?" गंगूनं कपाळावर हात मारला आणि हळद शोधायला गेली. हिम्मतरावांना मात्र थोडं कौतुकच वाटलं. या वयात एवढं सोसतो आपला पाय!

त्याच आठवड्यात तिसरी बाटली संपली. गौलीगुड्यात भगवंतराव कंपाउंडर होते, जुन्या सरकारी नोकरांच्या घरातले, हिम्मतरावांच्याच रतिबाचे. रिकाम्या बाटल्या धोतरात बांधून हिम्मतराव त्यांच्याकडं गेले.

"माल नाही हिम्मतराव," भगवंतराव म्हणाले. "शहरात कुठंच मिळायची नाही ही दवा. मद्रासहून पेट्या निघतात, सरहद्दीवर अडतात. पण तुमची तबियत अशी कशी उतरली? दवा बराबर घेता ना?"

"रोज. एक दिस चुकीवला न्हाई."

भगवंतरावांनी त्यांना लघवीसाठी लहानशी शिशी देऊन मागं मोरीकडं पाठवलं. मग काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात मोजून थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं लाल झालं. भगवंतरावांनी चष्मा वर सारला.

"एवढी साखर? हे असं होऊ शकत नाही. दवा घेणाऱ्याचं असं होत नाही. ठेवत कुठं होता?"

"देवळीत. पन खराब न्हाई हू दिलं," हिम्मतराव अभिमानानं म्हणाले. "सकाळी एक उकळी, सांजच्याला एक. दुधावानी जपलं बगा."

भगवंतरावांनी रिकाम्या बाटल्या एकेक करून उजेडाकडं धरल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी टांगेवाल्याशी वाद घालत होतं. मग ते म्हणाले, "हिम्मतराव, ती दवा थंडाव्यात ठेवायची असते. मडक्याखाली, ओल्या वाळूत. उकळली की मेली. दोन महिने तुम्ही नुसतं पाणी टोचून घेतलंत."

हिम्मतरावांना वाटलं, चेष्टा करताहेत. भगवंतरावांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

"सूनबाईला दवाखान्यात सगळं समजावलं होतं. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"ती माज्याशी कशी बोलंल?" हिम्मतराव म्हणाले. "पोराजवळ सांगितलं आसल."

आणि हे तोंडातून निघताच त्यांना सगळं दिसलं: कानाशी लागलेली सून, दोरी आवळणारा विठ्ठल, 'हूं हूं'. राग यायला हवा होता. तोंड भरून एखादी शिवी द्यायला हवी होती. पण शिवी घालायला समोर पोरगं तरी हवं ना. ते शे-दीडशे कोसांवर होतं, आणि हिम्मतरावांना त्याचा राग येण्याऐवजी त्याची आठवणच जास्त आली.

भगवंतरावांनी त्यांचा पाय पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "हे दुखत नाही ना, तीच तर वाईट गोष्ट आहे. पायाची जान गेली आहे. उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा. महिनाभर पडून राहावं लागेल. नाहीतर पाय जाईल, सांगून ठेवतो."

"महिनाभर? म्हशींचं कोन करंल?"

"पायावाचून म्हशींचं कोण करणार?"

हिम्मतराव उठले. दारात थांबून म्हणाले, "भगवंतराव, एक करा. माज्या पोराची गाठ पडली, तर हे उकळीचं सांगू नका."

दवाखान्यात ते गेले नाहीत. जायचं रोज ठरवायचे. पण आषाढात चंद्री व्याली, मग दुसरी अडली, तेव्हा विठ्ठल नव्हता म्हणून त्यांनी एकट्यानं रेडकू ओढून काढलं आणि स्वतःच शेणात आडवे झाले. भगवंतरावांनी सांगितलं होतं म्हणून पाय कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचे, पट्टी बांधायचे. पट्टी बांधून मूसीच्या चिखलात उतरायचे. तिथं पट्टी टिकणार किती? अंगठा काळा पडला, मग शेजारची दोन बोटं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आता कळत होतं.

सोलापूरचं एक पत्र आलं. ते भगवंतरावांनी वाचून दाखवलं. विठ्ठलला गिरणीत काम मिळालं होतं, मालतीला शाळेत घातलं होतं, आणि आबांनी तब्येत सांभाळावी असं होतं. खाली सत्यवतीनं विठ्ठलकडून एक ओळ घालून घेतली होती: औषध वाळूत आहे ना, वाळू रोज ओली करावी. भगवंतरावांनी ती ओळ वाचली आणि चष्मा पुसत बसले. उत्तरात काय लिहू, म्हणून त्यांनी विचारलं. हिम्मतराव म्हणाले, "लिवा, सगळं ठीक हाय. चंद्रीला रेडी झाली."

श्रावण सरता सरता वास सुरू झाला. हिम्मतरावांना तो येत नव्हता, पण मलकपेठेतल्या एका घरची बाई दूध घेताना नाकाला पदर लावून म्हणाली, "पटेल, उद्यापासून तुमच्या गड्याच्या हाती पाठवा." गडी कुठला होता? दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दार टाळलं. मग आणखी दोन दारं सुटली. पाऊणशे दारं पायाखाली घातलेला माणूस, पण घागर भरलेली घेऊन परत येताना रस्त्यानं मान खाली घालून चालू लागला. उरलेलं दूध ते रेडकांना सोडायचे.

भाद्रपदात ताप भरला. त्याच आठवड्यात हिंदुस्थानची फौज हैदराबादवर निघाली. दुकानं बंद, रस्ते ओस, आकाशात विमानं. पाच दिवस हिम्मतराव खाटेवर होते. धारा गंगूनं काढल्या, पाणी गंगूनं पाजलं. सहाव्या दिवशी गल्लीत ढोल वाजले, लोक नाचत रस्त्यावर आले, कुणीतरी पेढे वाटले. कुणीतरी ओरडून विचारलं, "पटेल, ऐकलं का? संपलं सगळं!" हिम्मतरावांना ते ऐकू गेलं. पहिला विचार मनात आला तो असा, की आता सोलापूरची गाडी सुरू होईल.

गंगूनं नवऱ्याला आणलं. गवताच्या हातगाडीवर पोतं अंथरलं, आणि दोघांनी मिळून हिम्मतरावांना त्यावर घातलं. गुलाल उडवणाऱ्या लोकांतून वाट काढत गंगू ओरडत होती, "हटो, बाजू हटो, बीमार है!" लोक हसत हसत बाजूला होत होते. एकानं बीमाराच्या कपाळालाही गुलाल लावला.

डॉक्टरनं पाय पाहिला आणि सांगितलं, गुडघ्याखाली काढावा लागेल, घरच्या माणसाला बोलवा. साखर वाढली, पाय काढायचाय, अशी भगवंतरावांनी तार केली.

चौथ्या दिवशी सकाळी विठ्ठल आणि सत्यवती आली. हिम्मतरावांनी त्यांना वॉर्डाच्या दारातच ओळखलं. विठ्ठलच्या अंगावर गिरणीतल्या माणसासारखा सदरा होता आणि तो थोडा जाड झाला होता. बापाला पाहून तो जागच्या जागी थांबला. सत्यवती थांबली नाही. ती खाटेपाशी आली, पदर मागं सरकलेला तिच्या ध्यानातही नव्हता, आणि तिनं सासऱ्याचा हात हातात घेतला.

"मामंजी," ती म्हणाली, "हे काय झालं?"

तिचा आवाज इतका जवळून त्यांनी कधी ऐकला नव्हता. हिम्मतरावांचे डोळे भरून आले.

"काय न्हाई. म्हस उभी ऱ्हायली पायावर."

"म्हशीनं असं हुत न्हाई. औषध घेत हुता का? साखर कशी काय वाढली एवढी? तीन बाटल्या ठिवल्या हुत्या मी." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "वाळूत ठिवल्या हुत्या न्हवं? ह्यांनी सांगितलं हुतं न्हवं तुमाला? मी तीनदा बजावलं हुतं ह्यांना."

हिम्मतरावांनी तिच्या खांद्यावरून विठ्ठलकडं पाहिलं. विठ्ठलच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. त्याला आठवत होतं की नव्हतं, ते सांगता येत नव्हतं. आठवू नये म्हणून तो धडपडत होता, एवढं दिसत होतं. सत्यवतीची पाठ त्याच्याकडं होती. या दोघांना आता जन्मभर एका घरात राहायचं होतं.

"सांगितलं हुतं की," हिम्मतराव म्हणाले. "त्यानं चांगलं बजावून सांगितलं हुतं. मीच इसरलो. दुधावानी उकळून ठिवलं, म्हातारपनाचा खुळेपना."

सत्यवतीनं तोंडाला पदर लावला. विठ्ठलनं केवढा तरी श्वास सोडला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला, आणि तो पुढं येऊन खाटेच्या कडेला उभा राहिला.

"आबा, आवो आसं कसं केलंत?" तो म्हणाला. आधी आवाज रडवेला होता, बोलता बोलता तो चढत गेला. "इतकं सांगून गेलो, वाळूत ठिवा, थंड ठिवा. पन तुमाला कुनाचं ऐकायची सवयच न्हाई. सोलापूरला चला म्हनलं, ऐकलं न्हाई. म्हशी इका म्हनलं, ऐकलं न्हाई. आता पाय जानार, आता काय करायचं आमी?"

शेजारच्या खाटांवरची माणसं वळून पाहू लागली. सत्यवती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो," पण विठ्ठल थांबायला तयार नव्हता. त्याला बोलायला हवं होतं, आणि हिम्मतरावांना ते कळत होतं. ते उशीवर मान टाकून मुलाचा एकेक शब्द ऐकत राहिले, आणि मध्येमध्ये, चुकलेलं पोर मान हलवतं तशी, मान हलवत राहिले.